निवेदन कोणाला द्यायचं?

आमच्या पांढुर्णा-सौंसर पट्ट्यात माणसाला विचारून काही करायची रीत फारशी नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची नव्यानं वाटणी झाली. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि आम्ही मराठी बोलणारे लोक छिंदवाडा जिल्ह्यासकट मध्य प्रदेशात राहिलो. तेव्हापासून आम्ही घरात मराठीत भांडतो, तहसिलीत हिंदीत अर्ज करतो आणि नागपूरला पाव्हण्यांकडे गेलो की ‘तुमी तिकडचे नं?’ हे ऐकून घेतो. पुढं ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आलं. सौंसरवाल्यांना याबद्दल काय वाटतं, हे सौंसरच्या चहाटपरीवर विचारू नये. परतीची बस चुकते.

तरी एक कबूल करायला हवं. राज्यांची वाटणी सुचवणाऱ्या फाजल अली आयोगानं निदान कागद तरी घेतले होते. देशभरातून १,५२,२५० निवेदनं आणि कागदपत्रं आली. ती सगळी कोणी वाचली असतील यावर माझा विश्वास नाही, पण घेतली. कोणीतरी खुर्चीवर बसून, हात पुढं करून घेतली. त्या पुढं केलेल्या हाताची किंमत आमच्या घरात पुतण्याचं संत्र्याचं पेज बंद झालं तेव्हा कळली.

पुतण्या शिकलेला पोरगा. बागेतला माल दलालाला न देता थेट गिऱ्हाइकाला विकावा, म्हणून त्यानं सोशल मीडियावर पेज काढलं. आंबिया बहाराची तोड लागली की कॅरेट भरतानाचे फोटो, झाडाखाली डबा सोडून बसलेल्या बाया, आणि मधूनच गॉगल लावलेला तो स्वतः. कंपनी कोणती ते सांगत नाही. ऐन तोडीत एका सकाळी पेज गायब, आणि त्याच्या जागी निरोप, की तुम्ही आमच्या समाजाचे नियम मोडले आहेत. कोणता नियम, कोणत्या फोटोनं, काही नाही. याच पेजवर आदल्या वर्षी त्यानं गोटमारीचा व्हिडिओ टाकला होता. त्यात अर्धं गाव अर्ध्या गावावर दगड भिरकावताना स्पष्ट दिसत होतं. तो वर्षभर कोणाला खुपला नाही. खुपलं ते संत्र्याचं कॅरेट.

नव्वदीला टेकलेल्या आबाजींनी विचारलं, ‘‘या कंपनीचं हापिस कुठं हाय?’’

‘‘कॅलिफोर्नियात, आबाजी.’’

आबाजींचा चेहरा उजळला. आमच्या संत्रेवाल्यांत विदर्भाचा कॅलिफोर्निया म्हणजे वरुड. ‘‘मंग रडून कायले राह्यला बे? वरुडले आपला साडू हाय. सकाळच्या गाडीनं जाऊ, जेवाच्या टायमाले वापस.’’

आबाजींचा भूगोल चुकला असेल, राज्यशास्त्र चुकलं नव्हतं. पांढुर्ण्यात तक्रार म्हणजे दार. नळाला पाणी नाही, नगरपालिकेचं दार. मंडीत काटा मारला, मंडी सचिवाचं दार. ते उघडलं नाही तर त्याच्या मेव्हण्याचं दार. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो माणूस चार दिवसांनी कोणाच्या तरी लग्नात आपल्याच पंगतीला बसणार असतो, आणि त्याला ते ठाऊक असतं. गावातली निम्मी लोकशाही या पंगतीच्या भीतीवर चालते. घटनेत तिचा उल्लेख नाही, हा घटना समितीचा विसराळूपणा.

कंपनीचा कोणी आमच्या पंगतीला येत नाही. कायदा आहे, नाही असं नाही. २०२१ च्या नियमांप्रमाणे अशा कंपन्यांनी भारतात तक्रार अधिकारी नेमायचा, त्यानं चोवीस तासांत पोच द्यायची आणि ठरलेल्या मुदतीत निकाल लावायचा. त्यावर नाराज असाल तर २०२३ पासून सरकारची अपील समिती आहे, तीही ऑनलाइन. पुतण्यानं तक्रार केली. पोच विजेच्या वेगानं आली. पोच देण्यात यंत्राचा हात कोणी धरणार नाही. आमच्या तहसिलीत पोच मिळवायला आधी शिक्का सापडावा लागतो, मग शिक्क्याचं पॅड, मग पॅड ज्याच्या कपाटात आहे तो बाबू. निकालही आला: आम्ही पुन्हा पाहिलं, आमचं म्हणणं तेच आहे. कोणी पाहिलं? ‘आम्ही’. या ‘आम्ही’चा साडू कुठल्या गावचा, ते शोधायची सोय नाही.

प्रकरण मग आमच्या वॉर्डाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर गेलं. हा ग्रुप म्हणजे स्वतंत्र संस्थान आहे. अॅडमिन राजा, त्याचा भाचा उप-अॅडमिन. काही वर्षांमागं ग्रुपवर कोणीतरी नको ते टाकलं आणि अॅडमिनला वाटलं आता आपल्याला बेड्या. सुदैवानं २०२१ मध्येच मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं सांगून ठेवलं होतं, की सदस्यानं टाकलेल्या मजकुरासाठी, दोघांचा तसा संगनमताचा बेत नसेल तर, अॅडमिनला जबाबदार धरता येणार नाही. त्याच्या हातात फार तर माणूस घेणं आणि काढणं असतं. ती बातमी अॅडमिननं ग्रुपच्या माथ्यावर पिन करून ठेवली आहे. जबाबदारी गेली, घेणं-काढणं उरलं, असा सोयीचा अर्थ त्यानं काढला. त्याच्यावर रागावून सात-आठ जणांनी वेगळा ग्रुप काढला. तो तीन आठवडे चालला. सगळे जण तिथं गेले नाहीत, म्हणून गेलेले परत आले आणि अॅडमिननं त्यांना एकेक करून, माफी मागायला लावून घेतलं.

मोठ्यांचंही असंच होतं. २०१९ च्या नोव्हेंबरात दिल्लीतले वकील संजय हेगडे यांचं ट्विटर खातं बंद झालं, तेव्हा भारतातली पुष्कळ मंडळी चिडून मॅस्टोडॉनवर गेली. तिथं मालक एक नाही, ज्यानं-त्यानं आपला सर्व्हर चालवायचा. काही दिवस आनंदात गेले. मग कळलं की ज्यांच्याशी भांडायचं ते तर जुन्याच ठिकाणी राहिलेत. देशी म्हणून काढलेलं ‘कू’ २०२४ मध्ये बंदच पडलं. आवडत नसेल तर दुसरीकडं जा, हा सल्ला देणाऱ्यानं एकदा सगळ्या नातेवाइकांना एकाच दिवशी ग्रुप बदलायला सांगून पाहावं.

ग्रुपवर निवृत्त गुरुजींनी मुद्दा मांडला. गुरुजी शब्दाला शब्द जोडून, परिच्छेद पाडून लिहितात, त्यामुळं ते पूर्ण कोणी वाचत नाही. पण या वेळी वाचलं. फोटो आपले, भांडणं आपली, वाढदिवस आपले, संत्रीसुद्धा आपली. या सगळ्यावर जाहिराती लावून पैसा कमावते कंपनी. मंडीच्या कायद्यातसुद्धा शेतकऱ्यांनी निवडून दिलेल्या प्रतिनिधींना जागा आहे, मग इथं नियम करताना आपलं मत का घेऊ नये? खाली बेचाळीस अंगठे पडले. त्यांतले काही फक्त ‘वाचलं’ या अर्थाचे होते.

गुरुजींना ठाऊक नव्हतं, की हा प्रयोग होऊन गेला आहे, आणि त्याची कथा आमच्या गोटमारीइतकीच सुरस आहे.

२००९ च्या फेब्रुवारीत फेसबुकनं आपल्या अटी बदलल्या. तुम्ही खातं बंद केलं तरी तुमचा मजकूर वापरायचा आमचा हक्क संपत नाही, असा त्याचा अर्थ लोकांनी लावला आणि गदारोळ झाला. मार्क झुकरबर्ग यांनी माघार घेतली. फेसबुक हा देश असता तर लोकसंख्येत जगात सहावा असता, असं त्या वेळी त्यांनीच लिहिलं होतं. देश म्हटला की मतदान आलं. ठरलं असं, की नियम बदलायचा तर आधी सांगू, सात हजारांवर कॉमेंट आल्या तर मतदान घेऊ, आणि चालू खात्यांपैकी ३० टक्के लोकांनी मत दिलं तर निकाल कंपनीवर बंधनकारक. नाही दिलं तर निकाल म्हणजे सल्ला.

३० टक्के ऐकायला फार वाटत नाहीत. आमच्या वॉर्डाच्या पार्षदाला इतकं मतदान झालं तर तो रुसून बसेल. एप्रिल २००९ मध्ये पहिलं मतदान झालं. वापरणारे जवळपास वीस कोटी, म्हणजे सहा कोटी मतं हवी होती. पडली ६,६५,६५४. त्याच एप्रिलात भारतात लोकसभेची निवडणूक चालू होती, आणि त्या निवडणुकीत ४१ कोटींवर लोकांनी उन्हात रांगा लावून मत दिलं. फरक कशाचा? आमच्याकडं मतदान नुसत्या हक्कावर होत नाही. बूथबाहेर मांडव घालून चिठ्ठ्या फाडणारे दोन्ही पक्षांची पोरं लागतात, म्हातारीला आणायला ट्रॅक्टर लागतो, ‘काकाजी, अजून गेले नाही तुमी?’ म्हणून दुपारी तीनला दार वाजवणारा माणूस लागतो, आणि बोटावरची शाई लागते, म्हणजे संध्याकाळी शेजाऱ्यांना दाखवता येते. फेसबुकच्या मतदानाला ट्रॅक्टर कोणी पाठवला नाही. पाठवायची ज्याची ऐपत होती, त्याला ३० टक्के व्हायची काही घाई नव्हती.

दुसरं मतदान जून २०१२ चं. मतं पडली ३,४२,६३२. दहातल्या जवळपास नऊ लोकांनी बदल नको म्हटलं. सल्ला मिळाला, बदल झाला.

आणि मग डिसेंबर २०१२. वापरणारे शंभर कोटींवर गेलेले. कंपनीनं मतदानासाठी विषय ठेवला, त्यात एक कलम होतं: यापुढं मतदानाची पद्धतच बंद करावी. म्हणजे मत द्यायचा हक्क काढून घ्यावा का, यावर मत द्या. कंपनीचं म्हणणं, या पद्धतीत कॉमेंटांची संख्या वाढते, दर्जा वाढत नाही. (हे खोटं नाही. आमचा ग्रुप पाहिलेला माणूस याला विरोध करणार नाही.) निकाल बंधनकारक व्हायला एका आठवड्यात ३० कोटी मतं हवी होती. आली साडेसहा लाखांच्या थोडी वर. त्यांतले ८८ टक्के म्हणाले, बंद करू नका. बंद झालं.

हे मी ग्रुपवर लिहिलं तेव्हा पानठेलेवाल्या भाऊंनी एकच ओळ टाकली: ‘‘म्हंजे गाडी सुटल्यावर तिकीट खिडकी खोलली.’’

ट्विटरचं वेगळं. २०१७ मध्ये काही भागधारकांनी ठराव आणला होता, की कंपनी वापरणाऱ्यांच्या मालकीची, सहकारी पद्धतीची करता येईल का, याचा निदान अभ्यास करा. पाच टक्केसुद्धा मतं मिळाली नाहीत. मला यात थोडी सुटका वाटली. सहकारी साखर कारखान्याची वार्षिक सर्वसाधारण सभा ज्यानं पाहिली आहे, त्याला ते दृश्य पन्नास देशांत एकाच वेळी, खुर्च्यांसकट, कल्पनेतसुद्धा नको वाटेल. पण त्या सभेत चेअरमनला समोर बसावं लागतं, आणि सभासद उसाच्या बिलाबद्दल उठून बोलला की माईक बंद पडला तरी आवाज पोचतो, हेही खरं. पुढं मालक बदलला. नव्या मालकांनी, म्हणजे इलॉन मस्क यांनी, डिसेंबर २०२२ मध्ये लोकांना विचारलं, मी प्रमुखपद सोडू का? पावणेदोन कोटींच्या आसपास मतं पडली आणि ५७.५ टक्के म्हणाले, सोडा. त्यावर कोणी सुचवलं, की असले सवाल यापुढं पैसे भरणाऱ्यांनाच विचारावेत. मालक म्हणाले, मुद्दा बरोबर आहे. प्रमुखपद त्यांनी पुढं सोडलंही. मालकी कशाला सोडतील?

फेसबुकनं, म्हणजे आताच्या मेटानं, २०२० मध्ये एक ओव्हरसाइट बोर्ड नेमलं. त्यात जगभरचे विद्वान आहेत, बेंगळुरूच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाचे सुधीर कृष्णस्वामी आहेत. काय काढलं, काय ठेवलं, यावर ते निवाडा देतात आणि कधी कधी कंपनीच्या विरुद्धही देतात. वापरणाऱ्यांनी मात्र त्यांतला एकही निवडलेला नाही. आमच्या संत्र्याच्या कॅरेटाची पाळी तिथं कधी यायची?

इथं गुरुजी पेटले. ‘‘म्हणजे सगळ्यांचं मत घेतलंच नाही कोणी! घेऊन तर पाहावं!’’

गुरुजी पांढुर्ण्याचे आहेत म्हणून त्यांना सांगावंसं वाटलं, की सगळ्यांचं मत घेतल्यावर काय होतं ते आपण दरवर्षी गोटमारीत पाहतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, जाम नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवतात, त्याला झेंडा बांधतात. एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्यावर सावरगाव. पांढुर्ण्यानं झाड तोडून झेंडा न्यायचा, सावरगावनं नेऊ द्यायचा नाही, आणि मधल्या चर्चेचं साधन दगड. शेकड्यांनी डोकी फुटतात, जीवही गेलेत. त्यात हसण्यासारखं काही नाही. हसण्यासारखी असते ती त्याआधीची शांतता समितीची बैठक.

ही बैठक म्हणजे वापरणाऱ्यांच्या सहभागाचा आदर्श नमुना. समोर कलेक्टर, एसपी. अलीकडं दोन्ही गावांचे मानकरी, नगरपालिकेचे लोक, पत्रकार, आणि आमंत्रण नसून आलेले तिप्पट. कागदी कपात चहा. अधिकारी हिंदीत सांगतात: परंपरा जपू, पण गोफण नको, दारू नको, ड्रोननं नजर राहील, रुग्णवाहिका तयार राहतील. प्रत्येकाला बोलायला मिळतं. एक म्हातारा उठून म्हणतो, ‘‘आमच्या टायमाले असं नव्हतं.’’ त्याच्या कपाळावर त्याच्या टायमाची खूण असते. सर्वानुमते ठरतं, की यंदा शांततेत. करीच्या दुपारी गोफण निघते.

एकदा प्रशासनानं दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले. चेंडू बाजूला पडले, लोकांनी दगड उचलले. नियम बदलला, वापरणाऱ्यांनी नामंजूर केला, तीस टक्क्यांची अट न घालता. आता सांगा गुरुजी, मत घ्यायचं?

गुरुजींनी दोन तास उत्तर दिलं नाही. मग मोठं दिलं. त्यांचं म्हणणं, दगड मारणाऱ्यांचं मत धरलं, दगड लागणाऱ्यांचं कोणी विचारलं? बैठकीत बाया किती असतात? इस्पितळात टाके घालणाऱ्या नर्सला कधी बोलायला दिलं? मला हे पटलं, आणि ग्रुपवर पटल्याचं लिहिणं अवघड असतं म्हणून मी अंगठा दिला.

माझं म्हणणं त्यामानानं लहान आहे. प्रत्येक नियमावर मत द्यायला मला बोलावू नका. संत्र्याची तोड, पोरीची परीक्षा, बिजलीचं बिल, यांतून तेवढा वेळ नाही. आणि मी दिलेलं मत शहाणं असेल याची हमी माझी बायकोसुद्धा देणार नाही. पण नियम बदलायच्या आधी सांगा. पेज बंद केलं तर कोणत्या फोटोनं ते सांगा. आणि एक माणूस द्या, नावाचा, गावाचा, ज्याच्यासमोर सुनावणीला उभं राहता येईल आणि ज्याची बदली करा म्हणून आम्हांला ओरडता येईल. जगाचं सरकार नको, एक तहसीलदार द्या. २०२० च्या जूनमध्ये सरकारनं टिकटॉकसकट ५९ अॅप बंद केली, तेव्हाही रोज बैलगाडीवर नाचून दाखवणाऱ्या आमच्याकडच्या पोरांना कोणी विचारलं नव्हतं. पण त्यांना निदान कोणावर चिडायचं ते कळलं होतं.

शेवटी ग्रुपनं आपल्याला जे येतं ते केलं. ज्ञापन. आमच्या मध्य प्रदेशात राष्ट्रपतींना काही सांगायचं असलं तरी ते तहसीलदाराच्या हातात द्यायचं असतं. वर लिहायचं ‘द्वारा, तहसीलदार महोदय’. मग कंपनी काय राष्ट्रपतींपेक्षा मोठी? मजकूर गुरुजींनी मराठीत लिहिला, अॅडमिनच्या भाच्यानं हिंदी केला, आणि पत्ता काय लिहायचा यावर एक रात्र गेली. आबाजी अजून वरुडवर अडून होते. मग फोटोत पुढं कोण, यावर दुसरी रात्र. फोटोशिवाय ज्ञापन दिलं तर ते दिलं, असं आमच्याकडं धरत नाहीत.

तहसीलदारसाहेब भले. त्यांनी कागद वाचला, वर पाहिलं, पुन्हा वाचला. ‘‘ये हम कहाँ भेजेंगे?’’ असं त्यांनी विचारलं, त्यावर अॅडमिननं अत्यंत नम्रपणे सांगितलं, ‘‘सर, वो आप देख लीजिए।’’ साहेबांनी हात पुढं केला, कागद घेतला, फोटो निघाला, आणि बाबूनं कपाटातून शिक्का काढून आवक क्रमांक टाकला.

फोटो पुतण्यानं आपल्या दुसऱ्या खात्यावरून, त्याच कंपनीच्या दारात टाकला. संध्याकाळपर्यंत अकरा लाइक, त्यांतले नऊ फोटोतलेच. खाली कंपनीचा निरोप: ही पोस्ट जास्त लोकांपर्यंत पोचवायची असल्यास अमुक रुपये भरा.

पुतण्यानं तो निरोप ग्रुपवर टाकला. ज्यांची गिऱ्हाइकं त्यानं पेज काढून तोडली होती, ते संत्र्याचे दलाल या सगळ्या प्रकरणात एक अक्षर बोलले नव्हते. त्यांतला एक आता बोलला. ‘‘पोरा, तुह्या बागेचा माल, तुहीच तक्रार, अन् सुनवाले पैसे बी तुहेच? मी तं निस्ती दलाली घेत होतो बापा. उद्या कॅरेट पाठव, भाव पाहून घेऊ.’’